मांसाहार की व्हीगन? वर्गात हा विषय कसा घ्यावा



परिसर अभ्यासात आहाराचा घटक घेतला की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मटण खाल्लं की पाप लागतं का?" विचारणारं मूल कधी माळकरी घरचं असतं, तर कधी दर रविवारी मटण शिजतं त्या घरचं. आपण "ज्याची त्याची आवड" म्हणून पुढे जातो. पण मधल्या सुट्टीत एखाद्याचा डबा उघडला की बाकीची सरकून बसतात. तेव्हा हा प्रश्न आवडीपुरता राहत नाही.

आधी शब्द समजून घेऊ. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ झाला. डोनाल्ड वॉटसन यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. मांस, अंडी तर नाहीतच, पण दूध, तूप, मधसुद्धा नाही. इथेच आपली 'शाकाहारी' मंडळी अडखळतात.

गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि साधारण निम्मी वासरं गोऱ्हे असतात. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचं काम कमी झालं. संकरित गाईचा गोऱ्हा तर औताला फारसा कोणी धरत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. मग तो गोऱ्हा कुठे जातो? खेड्यातल्या मुलांना विचारून बघा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं!

अंड्याचंही तसंच. अंडी देणाऱ्या जातीचं नर पिल्लू अंडी देत नाही आणि मांसासाठी पोसायला परवडत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी ते जन्मल्या जन्मल्या मारतात. जर्मनीने २०२२ पासून हे बंद केलं. (चौथीच्या मुलांना हे सांगू नये, पण आपल्याला माहीत असावं.) मुलांसाठी सोपी कृती आहे. ए-फोर कागद जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर दोन मिनिटं उभं राहायचं. पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या वाट्याला बहुतेक वेळा याहूनही कमी जागा येते, तीही जन्मभर. एवढं सांगून गप्प बसावं. मुलं आपणहून बोलतात.

आता दुसरी बाजू. माळरानावर जिथे कुसळ उगवतं, तिथे शेळी चरते. भूमिहीन बाईची तीच बँक असते. तिचा बोकड आणि शेडमधला साधारण ४० दिवसांचा ब्रॉयलर एकाच मापाने मोजता येत नाहीत. त्यात ब्रॉयलरच्या खाद्यात मका आणि आपल्याच शेतातल्या सोयाबीनची पेंड असते. कोळीवाड्यातल्या घराला "मासे सोडा" म्हणणं म्हणजे चूल सोडा म्हणण्यासारखं आहे.

शाळेतलं अंडं तर आपल्या अगदी जवळचा विषय. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद झाला. घरी डाळही पातळ असते अशा मुलाला उत्तम प्रथिनांचा यापेक्षा सोपा मार्ग मला तरी दिसत नाही. मुलाला पूर्ण व्हीगन ठेवायचं असेल तर पालकांनी डॉक्टरांना विचारूनच ठेवावं, कारण बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, ते वेगळं द्यावं लागतं.

माझं मत विचाराल तर प्राण्याला किती त्रास झाला हा प्रश्न खरा आहे, आणि तो दूध पिणाऱ्यालाही लागू होतो. चहात दूध घेऊन दुसऱ्याच्या अंड्याला नाक मुरडायचा हक्क मला कुणाचाच वाटत नाही. आणि कोंबडी खाणाऱ्याने पिंजऱ्याकडे पाहायचंच नाही, हेही पटत नाही.

तासाच्या शेवटी गृहपाठ द्यावा: 'कालच्या जेवणातला एक पदार्थ निवडा. तो कुठून आला, कोणी पिकवला किंवा पाळला, ते घरी विचारून लिहा.' पदार्थ मुलानेच निवडावा. उत्तरं मोठ्याने वाचून घ्यायची असतील तर नावं न घेता वाचावीत.