शून्य लिहिलेली बाटली

वाचन : गणना 6:1–4, रोम. 14:13–21

‘हिच्यात मद्य नाही, मग घ्यायला हरकत काय?’ असा प्रश्न आपले तरुण हल्ली विचारतात. प्रश्न रास्त आहे. रागावून तो मिटणार नाही.

ही बिअर आधी नेहमीसारखीच आंबवतात. मग निर्वात भांड्यात मंद उष्णतेवर तिच्यातील मद्यार्क उडवून देतात, किंवा सूक्ष्म पडद्यातून गाळून वेगळा काढतात. जर्मनीत क्लाउस्थालर ही बिअर 1979 साली निघाली. 2017 साली हाइनेकनने ‘0.0’ आणली, आणि आता युरोपात अशा बाटल्या सर्वत्र दिसतात. जर्मनीत अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यार्क असला तरी ‘मद्यविरहित’ लिहिता येते. इतका अंश अतिपिकलेल्या केळ्यातही असू शकतो. त्याचा बाऊ करू नये.

‘सौम्य’ची गोष्ट मात्र निराळी. आपल्या देशातील 2018 च्या अन्नसुरक्षा नियमांत अर्ध्या टक्क्यापासून आठ टक्क्यांपर्यंतचे पेय ‘कमी मद्यार्काचे’ या वर्गात बसते. साधी बिअर पाच टक्क्यांच्या आसपास असते! तेव्हा शब्द वाचून थांबू नये, आकडा पाहावा.

आता गणनेच्या सहाव्या अध्यायाकडे वळू. नाजीराचे व्रत घेणाऱ्याला द्राक्षारस तर वर्ज्यच; पण ताजी द्राक्षे, मनुका, बिया, सालीसुद्धा वर्ज्य. सालीने कोणाला झिंग येते? तरीही ती दूर ठेवायची. मात्र हा नियम व्रत घेणाऱ्यापुरता होता, साऱ्या इस्राएलावर तो लादला नव्हता. आम्हांला हा भेद महत्त्वाचा वाटतो.

मद्यविरहित पेय मंडळीला नवे नाही. 1869 साली अमेरिकेत वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने प्रभुभोजनासाठी न आंबलेला द्राक्षरस टिकवून दाखवला. पण तो रस दारूची नक्कल करीत नव्हता. शून्याची बिअर करते : तोच वास, तोच फेस, तीच बाटली. ज्याने कधी दारू घेतलीच नाही त्याच्यासाठी हे निव्वळ कडवट सरबत. ज्याने मोठ्या कष्टाने दारू सोडली, त्याच्यासाठी हीच द्राक्षाची साल. काहींना ती सोडताना आधार देते, काहींना जुन्या वाटेवर नेते. कोणाचे काय होईल हे आधी सांगता येत नाही.

म्हणून पौलाने रोमकरांना लिहिताना पेयापेक्षा शेजारी बसलेल्या भावाचा विचार अधिक केला आहे. घरच्या मेजवानीत अशी बाटली ठेवायची असेल, तर पाहुण्यांत कोण आहे हे यजमानाने आधी आठवावे. दारू सोडलेल्या भावाने नको म्हटले तर ‘अहो, शून्यच आहे’ असा आग्रह करू नये. त्याच्यापुढे लिंबाचे सरबत ठेवावे, आणि कारण विचारू नये.