ठेंगण्या छताखालचा दिवा

बेंगळुरू शहरात विजेचे दिवे लागले ते १९०५ साली. कावेरीवरील शिवनसमुद्र येथे निर्माण होणारी वीज १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळत होती. तीच पुढे या शहरात आली. त्या काळच्या प्रशस्त बंगल्यांत छते उंच असत आणि साखळीने टांगलेली झुंबरे तेथे शोभून दिसत. आजच्या सदनिकेत तेवढी उंची कोठून आणावी? राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची किमान उंची सर्वसाधारणपणे २.७५ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट असावी लागते. हौसेने पीओपीचे छत बसवले की त्यातलेही काही इंच जातात.

अशा दिवाणखान्यात दोन फुटांचा लोंबता दिवा लावला, तर तो जमिनीपासून सात फुटांवर येईल. अंगातला सदरा काढताना वर गेलेला हात त्यावर आपटेल. म्हणून येथे छताला चिकटून बसणारा पसरट दिवाच घ्यावा. मात्र त्याचा उजेड बहुतांशी खालीच पडतो. छत काळोखात राहते आणि आहे त्याहूनही ठेंगणे भासते. यावर उपाय म्हणून भिंतीवर वरच्या दिशेने प्रकाश टाकणारा एखादा दिवा जोडीला लावावा.

खरी अडचण पंख्याची असते. दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर आला, की फिरती पाती त्याचा उजेड सतत तोडत राहतात. पाहुण्यांशी गप्पा मारताना हे जाणवणारही नाही. पण दिवसभराचे काम आटोपून रात्री त्याच खोलीत पुस्तक उघडणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्याला पानावरची ती थरथर असह्य होते. तेव्हा एकच मोठा दिवा मध्यभागी लावण्यापेक्षा दोन लहान दिवे पात्यांच्या घेरापासून दूर लावणे अधिक शहाणपणाचे.

वॅटचा आकडा पाहून उजेडाचा अंदाज करू नये. वॅट म्हणजे दिव्याला लागणारी वीज; उजेड मोजतात तो लुमेनमध्ये. नऊ वॅटचा एलईडी दिवा जुन्या साठ वॅटच्या बल्बइतका, म्हणजे सुमारे आठशे लुमेन उजेड देतो. वेष्टनावर २७०० ते ३००० केल्विन लिहिले असेल तर उजेड पिवळसर, ६५०० असेल तर पांढराशुभ्र.

चिकपेठेतील दुकानात शेकडो दिवे एकदम लखलखत असतात. तेथे कोणताही दिवा मोहक वाटतो. खरेदीला निघण्यापूर्वी घरी टेपने छताची उंची आणि पंख्याचा घेर मोजून कागदावर लिहून घ्यावा.