प्रौढ शिष्य आणि त्याचे घर
(वाचनपाठ : नहेम्या 8:1-8)

पाणीवेशीपुढील चौकात एज्रा शास्त्र वाचू लागला, तेव्हा ऐकावयास पुरुष होते तशा स्त्रियाही होत्या. अर्धे घर मागे ठेवून ते लोक आले नव्हते.

आपल्या गावोगावच्या प्रौढवर्गांत पुष्कळदा याच्या उलट घडते. चाळिशीची बाई एकटीच येते, आठ दिवस पाटी धरते आणि मग येईनाशी होते. उपदेशक म्हणतो, तिला गोडी नाही. हा न्याय घाईचा होय. लहानपणी ती का शिकली नाही, हे तिला विचारून पाहावे. भाऊ शाळेत गेला, ती धाकट्यांस सांभाळीत राहिली. पुढे लवकर लग्न, शेत, सरपण, मुले. ज्या कारणाने तेव्हा पाटी हाती आली नाही, ते कारण बहुधा अजून उंबरठ्यावरच उभे असते.

पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईस शारदासदन काढले. तेथे आलेली पहिली विधवा शिष्या गोदूबाई. बालपणीच वैधव्य आले, आणि ऐन तारुण्याची वर्षे सासरच्या कामात गेली. वयाची वीस वर्षे उलटल्यावर त्या अक्षरांकडे वळल्या, त्या बंधू नरहरपंत जोशी यांनी मुंबईस आणले म्हणून. याच बाई 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. बुद्धी त्यांची स्वतःची खरी. परंतु दार घरातल्याच माणसाने उघडले.

ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावी 2016 साली आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून दुपारी येत, कारण सकाळची कामे तोवर उरकलेली असत. शिकविणारी बाई त्यांच्यापैकीच एकीची सून होती! सासूने सुनेपुढे पाटी धरावी, हे आपल्याकडे लहानसहान नव्हे.

पुरुषांची अडचण निराळी, ती मजुरीची. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली शेतकरी व मजूर यांच्याकरिता पुण्यात शाळा काढली, ती रात्रीची.

तेव्हा उपदेशकबंधूंनी वर्गाची वेळ ठरविण्यापूर्वी त्या त्या घरी जावे. सासूबाईंशी बोलावे, कारभाऱ्याशी बोलावे. पाणी केव्हा येते, गुरे केव्हा परततात, हे विचारावे. लेकरू बरोबर आणले तरी चालेल, हेही तेथेच सांगून ठेवावे. नाहीतर बाई त्याच्याच निमित्ताने घरी राहील.