अणुबॉम्ब आइनस्टाइनच्या समीकरणातून निघाला का?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. क्लासमधल्या सरांनी त्याला सांगितलं, की सापेक्षता सिद्धान्त नसता तर अणुबॉम्ब झालाच नसता, कारण बॉम्ब म्हणजे दुसरं काही नाही, ‘ई = एमसी स्क्वेअर’. आणि आइनस्टाइनना त्याचा पुढे फार पस्तावा झाला. मला शंका अशी, की समीकरण १९०५ चं आणि बॉम्ब १९४५ चा. मग मधली चाळीस वर्षं लोक काय करत बसले होते? या दोन्हींचं खरं नातं काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शंका रास्त आहे. नातं आहे, पण ते जन्मदात्याचं नाही. गुऱ्हाळावरचा काटा गुळाची ढेप किती किलोची ते अचूक सांगतो, पण रस कसा आटवायचा हे त्याला ठाऊक नसतं. आइनस्टाइनच्या समीकरणाचं बॉम्बच्या बाबतीत तेच झालं. किती ऊर्जा सुटेल हे त्याने सांगितलं. ती कशी सोडवायची, याबद्दल त्यात एक अक्षरही नाही.

आधी समीकरण म्हणतं काय ते पाहू. बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करत असताना आइनस्टाइननी १९०५ मध्ये सापेक्षतेचा मुख्य लेख लिहिला आणि पाठोपाठ सप्टेंबरात तीनच पानांचं एक टिपण पाठवलं. एखाद्या वस्तूने ऊर्जा बाहेर टाकली, की तिचं वस्तुमान त्या प्रमाणात घटतं, हा त्याचा निष्कर्ष. हे खरं आहे की नाही ते रेडियमच्या क्षारांवर तपासता येईल, असंही त्यांनी शेवटी सुचवलं. नीट वाचलं तर लक्षात येईल, की यात अणूचा विशेष उल्लेख नाही. नियम कुठल्याही ऊर्जेला लागू आहे. चुलीतलं लाकूड जळलं, मोबाइलची बॅटरी उतरली, दिवाळीतला सुतळी बॉम्ब फुटला, तरी वस्तुमान घटतंच. घट इतकी सूक्ष्म, की कुठल्याही काट्यावर दिसत नाही.

आता हिशेब करा. हिरोशिमावरच्या बॉम्बची ताकद सुमारे १५ हजार टन टीएनटीइतकी होती. त्यात ६४ किलो युरेनियम होतं, त्यातलं एक किलोसुद्धा पुरतं फुटलं नाही, आणि घटलेलं वस्तुमान भरतं जेमतेम ०.७ ग्रॅम. हा आकडा ऐकून लोक थक्क होतात आणि म्हणतात, बघा, वस्तुमानाची ऊर्जा झाली! पण १५ हजार टन खरंखुरं टीएनटी एका ठिकाणी रचून उडवलं असतं तर? एक किलो टीएनटी फुटताना एका ग्रॅमच्या सुमारे दोन कोटीव्या भागाइतकं वस्तुमान जातं. गुणाकार केला की उत्तर पुन्हा तेच, ०.७ ग्रॅम. येणारच, कारण ऊर्जा तितकीच आहे. म्हणजे जे समीकरण अणुबॉम्बचं ‘रहस्य’ म्हणून सांगितलं जातं, ते साध्या दारूगोळ्यालाही तितकंच लागू पडतं. फरक इतकाच, की एकीकडे ती घट हजारो टनांत विखुरलेली असते आणि दुसरीकडे एका किलोच्या आत.

मग बॉम्बमधली ऊर्जा येते कुठून? युरेनियमच्या केंद्रकात ९२ प्रोटॉन दाटीवाटीने बसलेले असतात. सगळे धन प्रभाराचे, त्यामुळे एकमेकांना दूर ढकलायला टपलेले. केंद्रकीय बल त्यांना कसंबसं धरून ठेवतं. केंद्रक दुभंगलं, की दोन्ही तुकडे विजेच्या त्या साध्या प्रतिकर्षणाने सुसाट एकमेकांपासून पळतात, भोवतालच्या अणूंवर आदळतात आणि उष्णता होते. बॉम्बची मुख्य ऊर्जा ती हीच. एकही प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन जळून नाहीसा होत नाही. मोजदाद केली तर संख्या पूर्वीइतकीच भरते. तुकड्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या तीन-चार टक्के, म्हणजे गणित करायला न्यूटन पुरेसे आहेत. हे माझं पदरचं नाही. अमेरिकेच्या बॉम्ब प्रकल्पाच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत १९४३ मध्ये नव्याने आलेल्या शास्त्रज्ञांना बॉम्बचे पहिले धडे देणारे रॉबर्ट सर्बर यांनी पुढे त्या व्याख्यानांवर टिपा लिहिल्या. विखंडनाच्या, म्हणजे केंद्रक दुभंगण्याच्या, सिद्धान्तात सापेक्षतेची गरजच पडत नाही, असं त्यांनी तिथे स्वच्छ म्हटलं आहे.

अणूत अफाट ऊर्जा कोंडलेली आहे, ही बातमीसुद्धा आइनस्टाइनची नव्हे. १९०३ साली पॅरिसमध्ये पिअर क्युरी आणि लाबोर्द यांनी रेडियम सतत उष्णता सोडत राहतं हे मोजून दाखवलं. त्याच वर्षी रदरफर्ड आणि सॉडी यांनी लिहिलं, की किरणोत्सर्गी बदलातली ऊर्जा कुठल्याही रासायनिक क्रियेच्या निदान वीस हजार पट, कदाचित दहा लाख पट असेल. सॉडी तर १९०४ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या इंजिनिअरांपुढे अशा शस्त्राची शक्यता बोलून मोकळे झाले. तेव्हा सापेक्षतेचा लेख छापूनही आला नव्हता. सॉडींचं लेखन वाचून एच. जी. वेल्स यांनी १९१४ मध्ये कादंबरी लिहिली आणि तीत अणुबॉम्ब फोडलेही. ती कादंबरी १९३२ मध्ये एका हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञाच्या हाती पडली. त्यांचं नाव लिओ झिलार्ड. ते पुढे येतीलच.

मग समीकरणाचा काहीच उपयोग झाला नाही का? झाला, आणि चांगला झाला. केंब्रिजला अॅस्टन यांनी १९२० च्या सुमारास अणूंची वजनं फार बारकाईने मोजायला घेतली. त्या वजनांच्या तक्त्यांवरून, समीकरण वापरून, कोणत्या केंद्रकात किती ऊर्जा दडली आहे, हे प्रयोगाआधीच काढता येऊ लागलं. तिथेच १९३२ मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमवर प्रोटॉन मारून त्याचे दोन तुकडे केले, तेव्हा घटलेलं वस्तुमान आणि बाहेर पडलेली ऊर्जा यांचा ताळा जमला. पण जमाखर्चाचा ताळा जमला म्हणून धंदा सुरू होत नाही. त्या प्रयोगात कोट्यवधी प्रोटॉन मारावे तेव्हा एखादा लागायचा. म्हणूनच रदरफर्ड यांनी १९३३ मध्ये अणुऊर्जेच्या गप्पांना भाकड ठरवलं. समीकरण त्यांना तोंडपाठ होतं, तरीही.

तुमच्या ‘मधली चाळीस वर्षं’ या प्रश्नाचं उत्तर यात आहे. अडलं होतं ते न्यूट्रॉनसाठी आणि विखंडनासाठी. न्यूट्रॉन चॅडविक यांना १९३२ मध्ये सापडला. त्याला विद्युतप्रभार नाही, त्यामुळे तो केंद्रकात बिनबोभाट शिरतो. एका न्यूट्रॉनने केंद्रक फुटून दोन न्यूट्रॉन बाहेर पडले तर साखळी सुरू होईल, हे झिलार्डना सुचलं १९३३ च्या सप्टेंबरात, लंडनच्या रस्त्यावर. १९३४ मध्ये त्यांनी त्याचं पेटंटही मागितलं. पण असं वागणारं मूलद्रव्य कोणतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

ते सापडलं रसायनशास्त्रज्ञांना, आणि तेही मनात नसताना. डिसेंबर १९३८, बर्लिन. ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांची साधनं टेबलावर मावतील एवढीच होती. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आजही एका टेबलावर ती मांडून ठेवली आहेत. युरेनियमवर न्यूट्रॉन मारल्यावर त्यांना जे किरणोत्सर्गी द्रव्य मिळालं, ते रेडियम असावं असा त्यांचा समज. रेडियम नुसतं हाताळण्याइतकं नव्हतं, म्हणून वाहक म्हणून त्यात बेरियम मिसळलं होतं. आता दोन्ही वेगळं करायचं. पुन्हा पुन्हा स्फटिक पाडले, पण किरणोत्सर्ग काही बेरियमला सोडेना. रसायनशास्त्रज्ञ म्हणून निष्कर्ष एकच निघत होता : ते रेडियम नव्हेच, बेरियमच आहे, म्हणजे युरेनियमच्या जवळपास निम्म्या वजनाचं मूलद्रव्य. हानना स्वतःलाच पटेना. त्यांनी लीझ माइटनर यांना पत्र लिहिलं. माइटनरबाई त्यांच्या तीस वर्षांच्या सहकारी. ज्यू कुळात जन्मल्यामुळे त्याच वर्षी जर्मनी सोडून स्वीडनला पळून गेलेल्या.

नाताळच्या सुट्टीत त्यांचा भाचा, ओटो फ्रिश, भेटायला आला होता. दोघं बर्फात फिरायला निघाले, तो स्कीवर, मावशी पायी. वाटेत एका ओंडक्यावर बसून कागदाच्या चिटोऱ्यांवर आकडेमोड सुरू झाली. केंद्रक पाण्याच्या थेंबासारखं मानलं तर ते मधून दबून तुटू शकतं. तुटल्यावर विद्युत प्रतिकर्षणाने तुकड्यांना सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळायला हवी. एवढी ऊर्जा येणार कुठून? माइटनरबाईंना केंद्रकांची वस्तुमानं काढायची रीत पाठ होती. त्यांनी हिशेब केला : दोन तुकड्यांचं वस्तुमान मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या एक पंचमांशाने कमी भरत होतं. समीकरणात घातलं, तर तेच २० कोटी. १९०९ मध्ये साल्झबर्गला आइनस्टाइनचं व्याख्यान त्यांनी समोर बसून ऐकलं होतं. सापेक्षता आणि बॉम्ब यांची खरी गाठ पडली असेल तर ती या ओंडक्यावर, आणि तीही ताळा म्हणून. आकडा आधीच दुसऱ्या वाटेने आला होता. पंधरा-वीस दिवसांत फ्रिशनी कोपनहेगनला त्या तुकड्यांची ऊर्जा उपकरणावर मोजलीच. त्याला समीकरण लागलं नाही.

इथून पुढची कथा कारखानदारीची. खाणीतल्या युरेनियममध्ये फुटणारा समस्थानिक ०.७ टक्के, बाकीच्या ढिगातून तो वेचायचा. दोन्ही प्रकारच्या अणूंचे रासायनिक गुण एकच, फरक फक्त तीन न्यूट्रॉनच्या वजनाचा. प्रकल्पाच्या ओक रिज इथल्या कारखान्यात त्यासाठी प्रचंड चुंबक बांधायचे होते, पण युद्धामुळे तांबं मिळेना. मग प्रकल्पाचे कर्नल निकल्स अमेरिकी खजिन्याकडे चांदी मागायला गेले, तीही हजारो टन. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना ऐकवलं, की आमच्याकडे चांदी टनावर मोजत नाहीत, औंसावर मोजतात! शेवटी सुमारे १४,७०० टन चांदी उसनी मिळाली, तिच्या तारा गुंडाळून चुंबक उभे राहिले आणि युद्धानंतर चांदी परत गेली. शेवटचा हिस्सा १९७० मध्ये. एकूण खर्च सुमारे दोन अब्ज डॉलर. जर्मनांनाही समीकरण येत होतं. त्यांच्याकडे बॉम्ब झाला नाही.

आपल्याकडेही तेच. १९७४ च्या पोखरणच्या स्फोटाला प्लुटोनियम लागलं ते ट्रॉम्बेहून आलं, आणि ते वेगळं काढणारा तिथला कारखाना १९६४ मध्येच सुरू झाला होता. खरी मेहनत तिथे आणि स्फोटाच्या रचनेत गेली. सापेक्षतेची पुस्तकं तर कुठल्याही कॉलेजच्या ग्रंथालयात होती.

तरी लोकांच्या मनात समीकरण का बसलं? याला गुप्तता कारण आहे, असं मला वाटतं. नागासाकीनंतर तीनच दिवसांनी, १२ ऑगस्ट १९४५ ला, अमेरिकी सरकारने स्माइथ यांचा अधिकृत अहवाल लोकांसाठी खुला केला. त्यातून धातुकाम, रसायन, स्फोटाची रचना ही खरी गुपितं गाळली होती. उरलं ते सर्वांना आधीच माहीत असलेलं भौतिकशास्त्र, आणि त्यात सुरुवातीलाच हे समीकरण. पुढच्या जुलैत ‘टाइम’ने मुखपृष्ठावर आइनस्टाइन छापले, मागे धुराचा ढग आणि ढगावर समीकरण. त्या एका चित्राने जे केलं, ते शंभर पाठ्यपुस्तकांना पुसता आलेलं नाही.

आता पस्तावा. आइनस्टाइनचा बॉम्बशी खरा संबंध सहीचा आहे. झिलार्ड त्यांचे जुने स्नेही. १९२० च्या दशकात दोघांनी मिळून फ्रिजची पेटंटं घेतली होती. जुलै १९३९ मध्ये झिलार्ड आणि त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ मित्र विग्नर लाँग आयलंडला त्यांच्या सुट्टीतल्या घरी गेले. साखळी प्रक्रियेची कल्पना ऐकून आइनस्टाइन म्हणाले, की हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना बॉम्बचे ‘जनक’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य जरूर लक्षात ठेवावं. अशा बॉम्बचा इशारा देणारं, आइनस्टाइनच्या सहीचं, २ ऑगस्टच्या तारखेचं पत्र राष्ट्राध्यक्ष रुझवेल्टना मिळालं ११ ऑक्टोबरला. त्यात सापेक्षतेचा उल्लेख नाही. बॉम्ब विमानाला पेलणार नाही, बोटीतून न्यावा लागेल, असा अंदाज मात्र आहे. त्यातून निघाली एक समिती आणि सहा हजार डॉलर. गाडं खऱ्या अर्थाने हललं ते १९४१ मध्ये, बॉम्ब विमानातून नेण्याइतका लहान होऊ शकतो असं ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हिशेबाने दाखवल्यावर. त्या हिशेबाची सुरुवात केली होती पाइअर्ल्स आणि त्याच फ्रिशनी, १९४० मध्ये बर्मिंगहॅमला. खुद्द आइनस्टाइनना त्यांच्या राजकीय मतांमुळे लष्कराने गुप्त कामाची परवानगी नाकारली.

पस्तावा होता, हे सरांचं म्हणणं बरोबर आहे. जर्मनांना बॉम्ब जमणार नाही हे ठाऊक असतं तर आपण बोटही उचललं नसतं, असं त्यांनी युद्धानंतर सांगितलं. १९५४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्याजवळ त्या सहीला त्यांनी मोठी चूक म्हटलं, आणि जर्मनांचा धोका हे तिचं थोडं समर्थनही दिलं. तो पस्तावा १९३९ च्या पत्राचा होता. १९०५ च्या तीन पानांवर त्याचं ओझं टाकायचं कारण नाही. तुमच्या मुलाला एवढंच सांगा, की सरांचं दुसरं वाक्य वहीत ठेव आणि पहिलं खोड.