मेडिकेअरचं घड्याळ

एडिसन, न्यू जर्सी
ऑक्टोबर २०२५

चि. बंडू,


रविवारी फोनवर तू म्हणालास, "मावशी, मी सदुसष्टपर्यंत काम करणार आहे. मेडिकेअरचं तेव्हा बघू." सूनबाई शेजारी होती म्हणून तेव्हा काही बोलले नाही, आता लिहिते. माझी सारी नोकरी हॉस्पिटलच्या बिलिंग खात्यात गेली आणि रिटायर झाल्यापासून सिनियर सेंटरमध्ये आपल्या लोकांना हे अर्ज समजावून सांगते. तिथे येणाऱ्या बहुतेकांचा घोटाळा तुझ्या या एका वाक्यापासूनच सुरू होतो. निवृत्ती आणि मेडिकेअर एकाच दिवशी येतात असं ते धरून चालतात. तुझ्या वयाच्या माणसाला सोशल सिक्युरिटीचं पूर्ण पेन्शन ६७ व्या वर्षी मिळतं. मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मात्र १९६५ साली प्रेसिडेंट जॉन्सननी कायद्यावर सही केली तेव्हापासून ६५ वरच आहे. काम कधी थांबवायचं ते तू ठरव. मेडिकेअरचं घड्याळ वाढदिवसावर चालतं.

तुझा वाढदिवस मे २०२६ मधला. म्हणजे नाव नोंदवायची मुदत सात महिन्यांची: फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मग मे, आणि त्यापुढे ऑगस्टपर्यंत. पहिल्या तीन महिन्यांत अर्ज केलास तर १ मेपासून विमा सुरू. तू सोशल सिक्युरिटी घेत नाहीस, त्यामुळे कार्ड आपोआप घरी येणार नाही. अर्ज तुलाच, सोशल सिक्युरिटीच्या वेबसाइटवर करायचा आहे.

आता तुझ्या कंपनीचं. मोठ्या कंपनीत असतास तर "सदुसष्टला बघू" हे चाललंही असतं. जिथे २० किंवा अधिक माणसं कामाला आहेत, तिथे कंपनीचा विमा आधी पैसे भरतो आणि मेडिकेअर त्याच्या मागे उभी राहते. तुमच्याकडे जेमतेम चौदा जण. अशा ठिकाणी क्रम उलटा होतो: पासष्टाव्या वर्षापासून मेडिकेअर पहिली आणि कंपनीचा विमा दुसरा. तू मेडिकेअरचा पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, घेतलाच नाहीस, तर कंपनीचा विमावाला म्हणू शकतो, "मेडिकेअरनं जेवढं भरलं असतं तेवढं वजा करून उरलेलंच आम्ही देऊ." नोकरी चालू असल्यामुळे उशिराचा दंड तुला लागणार नाही, पण एखाद्या ऑपरेशनचं बिल दंडापेक्षा भारी पडेल. म्हणून ऑफिसात विचार, आणि उत्तर तोंडी घेऊ नकोस, लेखी घे: "मी ६५ चा झाल्यावर आपला विमा आधी की नंतर?"

दंडाचंही सांगते, कारण तुझ्या मित्रांना उपयोगी पडेल. नोकरी किंवा तिचा विमा सुटल्यावर पार्ट बी घ्यायला आठ महिने मिळतात. पुष्कळ जण कोब्रावर, म्हणजे नोकरी सुटल्यावर स्वतःच्या पैशानं चालू ठेवलेल्या कंपनीच्या विम्यावर, अठरा महिने काढतात आणि आपण विम्याखाली आहोत अशा समजुतीत राहतात. या हिशोबात कोब्रा धरत नाहीत. उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे पार्ट बीचा हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो, आणि तो वाढीव हप्ता सहसा जन्मभर भरावा लागतो.

कोणत्या भागात काय आहे तेही एकदा नीट पाहून घे. पार्ट ए म्हणजे हॉस्पिटलातलं राहणं. दहा वर्षं, म्हणजे ४० तिमाह्यांचा पगारावरचा कर भरला असेल तर त्याला हप्ता नाही. एच-१बी व्हिसावरची तुझी वर्षं यात धरतात, एफ-१ वर शिकत होतास ती नाहीत, आणि पुण्यातल्या नोकरीची तर नाहीतच. पण "हप्ता नाही" म्हणजे फुकट नव्हे: २०२५ साली हॉस्पिटलात दाखल झालं की पहिले १,६७६ डॉलर आपले. पार्ट बी म्हणजे डॉक्टर, तपासण्या, बाहेरच्या बाहेर होणारे उपचार. २०२५ साली त्याचा हप्ता महिना १८५ डॉलर, वर्षाचे पहिले २५७ डॉलर आपले, आणि त्यानंतर प्रत्येक मान्य खर्चाचे वीस टक्के आपले. हे आकडे दर जानेवारीला बदलतात. त्या वीस टक्क्यांना वरची मर्यादा नाही, हे मात्र बदलत नाही. कॅन्सरच्या औषधोपचाराचे वीस टक्के किती होतात ते मी बिलांवर पाहिलेलं आहे.

तुमची मिळकत बरी आहे, म्हणून आणखी एक. पार्ट बीचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवर ठरतो. मिळकत ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर जादा आकार लागतो; २०२५ च्या हप्त्यासाठी ती मर्यादा नवरा-बायकोची मिळून २,१२,००० डॉलर होती. पुढे काम सोडलंस आणि जुन्या पगारावरून वाढीव हप्त्याचं पत्र आलं, तर मुकाट्यानं भरत बसू नकोस. एसएसए-४४ नावाचा फॉर्म आहे. काम थांबलं हे कारण त्यात चालतं.

आता त्या वीस टक्क्यांची तजवीज. दोन वाटा आहेत. पहिली, मूळ सरकारी मेडिकेअर ठेवायची, सोबत मेडिगॅप, म्हणजे उरलेला खर्च उचलणारा खासगी पुरवणी विमा, घ्यायचा आणि औषधांसाठी वेगळा पार्ट डी. हप्ते जास्त, पण मेडिकेअर घेणारा कुठलाही डॉक्टर चालतो. दुसरी, मेडिकेअर अॅडव्हान्टेज, म्हणजे खासगी कंपनीमार्फत सगळं एकत्र. ती खानावळीच्या ताटासारखी: एका पैशात दात-चष्म्यासकट सगळं, पण वाढतील ते आणि त्यांच्याच पंगतीत. डॉक्टर त्यांच्या नेटवर्कमधला लागतो आणि महागड्या तपासणीला आधी परवानगी लागते. वर्षाच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे, हा तिचा खरा फायदा. टीव्हीवरच्या जाहिराती बहुतेक याच वाटेच्या असतात. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. हात आखडता असेल तर कित्येकांना तीच परवडते.

पण तुझ्या शुगरमुळे मला तुला एक गोष्ट बजावून सांगायची आहे. पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने कुठलीही मेडिगॅप कंपनी तुला नाकारू शकत नाही, तब्येतीवरून जास्त पैसेही मागू शकत नाही. ते सहा महिने गेले की बहुतेक राज्यांत आरोग्याचे प्रश्न विचारायला ती मोकळी. आधी स्वस्तातलं अॅडव्हान्टेज घेऊ, आजारी पडलो की मेडिगॅपकडे वळू, हा हिशोब तिथेच फसतो. तू मे महिन्यात पार्ट बी घेऊन कंपनीचा विमा दुसरा म्हणून चालू ठेवलास, तर हे सहा महिने तू कामावर असतानाच संपतील. घाबरू नकोस. मेडिकेअरच्या मागचा असा नोकरीचा विमा संपला की पुढे ६३ दिवस ठरावीक मेडिगॅप योजना तब्येत न विचारता मिळतात. विमा संपल्याचं कंपनीचं पत्र जपून ठेव आणि ती तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिही.

औषधांचंही असंच. कंपनीचा औषधांचा विमा मेडिकेअरच्या तोडीचा आहे की नाही हे सांगणारं पत्र दर शरद ऋतूत येतं. ते रद्दीत टाकू नकोस. तोडीचा नसेल तर पार्ट डी वेळेवर घे, कारण तिथेही उशिराचा दंड महिन्याच्या हिशोबानं चढतो. तुझ्या इन्सुलिनला मेडिकेअरमध्ये महिना ३५ डॉलरची मर्यादा आहे, आणि पार्ट डीमधल्या औषधांवर खिशातून जाणाऱ्या पैशांनाही २०२५ पासून वर्षाची मर्यादा आहे, त्या साली ती २,००० डॉलर होती. आणि तुझ्या त्या आरोग्य-बचतीच्या एचएसए खात्यात मे महिन्यापासून एक पैसाही टाकू नकोस. मेडिकेअर सुरू झाली की ती भर चालत नाही. आधीचे साठलेले पैसे पार्ट बीच्या हप्त्याला वापरता येतात.

आता मूळ मेडिकेअर जिथे पैसे देत नाही तिथलं. चष्मा, दात, कानाचं यंत्र नाही. म्हातारपणी अंघोळ घालायला, जेवू घालायला ठेवलेल्या बाईचा पगारही नाही. पडल्या-झडल्यानंतर नर्सिंग होममधली शुश्रूषा मिळते, पण मूळ मेडिकेअरमध्ये त्याआधी सलग तीन दिवस हॉस्पिटलात 'इनपेशंट' म्हणून नोंद हवी. आमच्या मंडळातल्या एका काकूंना खुब्याच्या दुखण्यासाठी हॉस्पिटलात तीन रात्री ठेवलं, पलंग तोच, सलाइन तेच, पण कागदावर 'ऑब्झर्व्हेशन' लिहिलेलं. पुढचं नर्सिंग होमचं बिल त्यांच्या मुलानं भरलं. कुणाला अॅडमिट केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला प्रश्न हा विचारायचा: "पेशंट इनपेशंट आहे की ऑब्झर्व्हेशनवर?"

भारतात मेडिकेअर जवळजवळ शून्य. हिवाळ्यात पुण्याला जाऊन राहतोस, तिथे छातीत दुखलं तर तिचा उपयोग नाही. मेडिगॅपच्या प्लॅन जीसारख्या योजनांत प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतल्या तातडीच्या उपचारांचे २५० डॉलरनंतरचे ८० टक्के मिळतात, आणि तेही जन्मभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंतच. जास्त दिवस राहणार असाल तर प्रवास विमा काढाच. कायमचं परत जायचं मनात असेल तर पार्ट ए तसाच राहू दे, त्याला पैसे पडत नाहीत. पार्ट बी सोडण्याआधी मात्र दोघं बसून ठरवा. तब्येत बिघडल्यावर पोरांजवळ परत यायची वेळ आली, तर दंडासकट जानेवारी ते मार्चच्या नोंदणीची वाट बघावी लागेल.

शेवटची गोष्ट सूनबाईची, आणि ती तू विसरला आहेस. मेडिकेअर माणशी असते. बायकोला तिच्यात ओढता येत नाही. ती ६२ ची. तुझ्या कामाच्या वर्षांवर तिला पार्ट ए हप्त्याशिवाय मिळेल, पण तिची पासष्टी आल्यावरच. तू सदुसष्टला काम सोडशील तेव्हा ती चौसष्टच्या आसपास असेल आणि तुझ्या नोकरीचा विमा तिचाही सुटेल. मधल्या काळासाठी सरकारी विमा मार्केटप्लेसमधून विमा घ्यावा लागेल, आणि विमा सुटल्यापासून ६० दिवसांत घ्यावा लागेल. निवृत्तीची तारीख ठरवताना हे महिने हिशोबात धर. चार-सहा महिने जास्त काम केलंस तर त्याचा मोबदला पगारापुरता नसेल.

घरी विम्याच्या जाहिरातींच्या रंगीत पाकिटांचा पाऊस सुरू झालाच असेल. त्यातल्या बऱ्याच कागदांवर सरकारी वाटावं असं गरुडाचं चित्र असतं, खाली बारीक अक्षरात विमा कंपनीचं नाव. फोनवर मेडिकेअरचा नंबर कुणालाही सांगू नकोस. मेडिकेअर असा न बोलावता फोन करून नंबर मागत नाही. सल्ला हवा तर शिप नावाची सरकारी मदत प्रत्येक राज्यात आहे. ते पैसे घेत नाहीत आणि काही विकतही नाहीत.

हे पत्र तुझ्या टेबलावर ठेवू नकोस, सूनबाईच्या हातात दे. तारखा तीच नीट पाळते.

तुझी
मावशी