'सोल' : एका मोठ्या प्रश्नाचे सोपे उत्तर



कार्टून चित्रपट म्हटला की तो मुलांचा, आणि मुलांचा म्हणजे निर्धोक, अशी आपल्या घरोघरी समजूत आहे. मुले दूरदर्शन संचासमोर बसतात आणि मोठी माणसे आपापल्या कामाला लागतात. परंतु जो चित्रपट 'माणसाने कशासाठी जगावे?' हा प्रश्न विचारतो, तो आपण मुलांच्या शेजारी बसून पाहिला पाहिजे. कारण त्यात दिलेले उत्तर मूल मनात घेऊनच उठते. म्हणून या लेखात आपण 'सोल', म्हणजे 'आत्मा', या अमेरिकन चित्रपटाचा विचार करू. पीट डॉक्टर यांनी दिग्दर्शित केलेला व पिक्सार या संस्थेने काढलेला हा चित्रपट २५ डिसेंबर २०२० रोजी घरबसल्या पाहण्यासाठी प्रदर्शित झाला. २०२१ साली त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट आणि संगीत यांसाठी दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली.

कथा थोडक्यात

जो गार्डनर हा न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय संगीत शिक्षक. शाळेत मुलांना वाद्ये शिकवतो, पण मन जाझ संगीताच्या मैफलीत. शाळेत कायमची नोकरी मिळते त्याच दिवशी डोरोथिया विल्यम्स या नामांकित वादक बाईंच्या संचात पियानो वाजवण्याची संधीही त्याला मिळते. त्या आनंदात तो रस्त्यावरील उघड्या गटारात पडतो आणि त्याचा आत्मा परलोकाच्या वाटेला लागतो. तेथून पळ काढून तो जन्मापूर्वीच्या लोकात पोहोचतो. तेथे न जन्मलेल्या आत्म्यांना स्वभाव वाटून दिले जातात. शेवटी एक 'ठिणगी' सापडली की पृथ्वीवर जाण्याचा परवाना मिळतो. 'बावीस' नावाच्या आत्म्याला मात्र जन्मच नको आहे. कोपर्निकस, मदर तेरेसा असे मार्गदर्शकही तिच्यापुढे थकले. पुढे ही दोघे पृथ्वीवर येतात. बावीस जोच्या शरीरात आणि जो एका मांजरात, असा घोटाळा होतो. पिझ्झाची चव आणि झाडावरून गरगरत येणारे बी अनुभवून बावीसला जगणे आवडू लागते. जोला त्याची मैफल मिळते. ती उत्तम होते आणि तरीही तो रिकामाच राहतो.

काय चांगले आहे?

यश म्हणजे जीवनाचे सार्थक नव्हे, हे चित्रपट स्पष्ट सांगतो. परीक्षेतील गुण आणि नोकरी यांवरच मुलाची किंमत ठरवणाऱ्या आपल्या पालकांनी ही गोष्ट जरूर ऐकावी. साध्या क्षणाकडे जागेपणाने पाहावे, हेही मोलाचे आहे. पण प्रश्न असा की एवढ्यावर थांबावे काय? अखेरीस जोला परत पृथ्वीवर पाठवले जाते आणि तो ठरवतो की आता प्रत्येक क्षण जगायचा. चित्रपट तेथेच संपतो. आमच्या मते हे उत्तर गोड आहे, पण उथळ आहे. त्याची तीन कारणे आम्ही देतो.

पहिले कारण : स्वभाव जन्मापूर्वी ठरतो ही कल्पना

कोण उत्साही, कोण तुसडा हे येथे जन्मापूर्वीच ठरते. चित्रपटात ही गंमत आहे. आपल्या समाजाला मात्र ही गंमत महागात पडली आहे. माणसाचे गुण जन्माबरोबर येतात असे सांगूनच आपल्या वाडवडिलांना विद्येपासून दूर ठेवले गेले. तथागतांनी अमर आत्मा मानला नाही आणि माणसाची श्रेष्ठता जन्मावर नव्हे, कर्मावर ठरवली. माणूस संगतीने, शिक्षणाने आणि परिश्रमाने घडतो, हे मुलांना चित्रपट पाहताना सांगितलेच पाहिजे.

दुसरे कारण : पोटाचा प्रश्न बाजूला राहतो

डेझ हा न्हावी हे या चित्रपटातील सर्वांत खरे पात्र. त्याला जनावरांचा डॉक्टर व्हायचे होते. मुलगी आजारी पडली आणि केशकर्तनाचे शिक्षण स्वस्त, म्हणून तो न्हावी झाला. तो सुखी आहे, असे सांगून चित्रपट पुढे जातो. डेझचे समाधान खोटे नाही. पण मुलीच्या आजारपणात बापाचे शिक्षण का सुटावे, हे कोणी विचारत नाही. जोची आई शिवणकामाचे दुकान चालवते. मुलाला कायमचा पगार आणि पेन्शन मिळावी एवढेच तिला वाटते. तिची ही काळजीही वडिलांचा जुना सूट जोच्या अंगावर चढताच मिटते. ज्याच्या घरी महिनाअखेरीस काळजी असते, त्याला 'क्षण जगा' हा उपदेश अपुरा पडतो.

तिसरे कारण : उत्तर समोर असून दिसले नाही

हे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जोला मैफलीची संधी कोणी दिली? कर्ली या त्याच्याच जुन्या विद्यार्थ्याने. कॉनी ही मुलगी वाद्य सोडते म्हणून दारी येते, एकदा वाजवून पाहते आणि सोडायचे नाही असे ठरवून परत जाते. ज्या शिक्षकाला आपले आयुष्य वाया गेले असे वाटते, त्याच्या शिकवण्यातून उभी राहिलेली ही दोन माणसे पडद्यावर आहेत. तरीही जीवनाचा अर्थ शोधताना चित्रपट पिझ्झाचा तुकडा आणि झाडाचे बी हाती घेतो. कर्ली आणि कॉनी मागे राहतात. जो पुन्हा वर्गात गेला की नाही, हेही आपल्याला कळत नाही. आपण दुसऱ्याच्या जीवनात काय पेरले, हा प्रश्न सुटला की जगण्याचा अर्थ केवळ स्वतःच्या चवीपुरता उरतो. स्वतःचा क्षण तर बावीसही जगू शकते. दुसऱ्याला उभे करायला मात्र शिक्षक लागतो.

आपल्या वस्तीतही असे शिक्षक होऊन गेले. रात्रीच्या शाळेत कंदिलाच्या उजेडात शिकवणाऱ्यांना कोणी मैफलीत बोलावले नाही. पण त्यांच्या जीवनाला अर्थ होता की नव्हता, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारावे.

तेव्हा हा चित्रपट मुलांना दाखवू नये असे आम्ही म्हणत नाही. जरूर दाखवावा, पण संपल्यावर दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. मैफल चांगली होऊनही जोला समाधान का वाटले नाही?
२. डेझची मुलगी आजारी पडली नसती, तर त्याचे आयुष्य कसे झाले असते? यात दैव किती आणि समाजव्यवस्था किती?
३. या चित्रपटाचा शेवट तुम्ही लिहिला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जो कोठे गेला असता?