उरलेल्या चिंधीचे वाण

भाताची झोडणी झाली की किन्हवलीच्या बाजूला कामाचा जोर थोडा ओसरतो. पेंढा रचून होतो. शेतात मागून टाकलेले वाल आणि हरभरा उभे असतात. अशा थंडीच्या दिवसांत संक्रांत येते. इंग्रजी तारखेप्रमाणे ती १४ किंवा १५ जानेवारीला पडते. तिथून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते. बाया एकमेकींच्या घरी जातात. हळदकुंकू लावतात, तिळगूळ देतात आणि हातावर एखादी वस्तू ठेवतात. त्या वस्तूला वाण म्हणतात.

पूर्वीचे वाण कसे होते? मातीचे सुगड असे. त्यात उसाचे कांडे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे, गव्हाची लोंबी आणि तीळ घालत. बहुतेक माल शेतातलाच. आता पुष्कळ ठिकाणी बाजारातून वस्तू आणतात. प्लॅस्टिकची डबी, गाळणी, आरसा, कंगवा. त्यातली निम्मी वस्तू चैत्रापर्यंत मोडून उकिरड्यावर पडते.

आता हिशेब करू. समजा, एका वाणाला २० रुपये पडले. बोलावलेल्या बाया ४०. वीस चोक ऐंशी, म्हणून २० गुणिले ४० म्हणजे ८०० रुपये. तिळगुळाचा खर्च वेगळाच. हे ८०० रुपये म्हणजे तुमच्या गावात किती दिवसांची मजुरी होते, ते तुम्हीच मोजा.

पैसे जातात ते जातातच. पण त्याहून वाईट गोष्ट दुसरी आहे. हे बोलणे कुठल्याही गावात ऐकू येईल:

"काय गं, काल हळदीकुंकवाला आली नाहीस?"

"कशी येऊ, वहिनी? मी आले की मलाही बोलवायला पाहिजे. आणि बोलवलं तर हातावर काय ठेवू?"

"अगं, तिळगूळ ठेव."

"नुसता तिळगूळ ठेवला तर बाया हसतील ना!"

म्हणजे सण गोड बोलण्याचा, आणि एक बाई लाजेपायी दार लावून घरात बसते. हे काही बरे नाही. म्हणून घरातल्या आणि शिंप्याकडच्या उरल्यासुरल्या मालातून वाण कसे करायचे, ते इथे सांगितले आहे. हाताने केलेल्या वाणाला कुणी हसत नाही. उलट बाया ते उलटून पालटून बघतात आणि विचारतात, "हे कसं गं केलंस?"

पहिल्याने माल गोळा करा. शिंप्याच्या दुकानात झंपर, परकर, शर्ट बेतल्यावर कापडाचे तुकडे उरतात. मागितले तर शिंपी बहुधा नाही म्हणत नाही. मात्र दिवाळीत किंवा लग्नसराईत जाऊ नका, तेव्हा त्याला मान वर करायला सवड नसते. घरात जुन्या साडीचा काठ असतो. स्वेटर विणून उरलेली लोकर असते. राखीचे धागे असतात. आणि लग्नपत्रिका तर घरोघर ढीगभर असतात. वर गणपतीचे चित्र असते, म्हणून कुणी त्या चुलीत घालत नाही. फळीवर तशाच पडून राहतात. तो कागद जाड असतो. आपल्या कामाला तोच हवा.

कोऱ्या कापडाला खळ असते आणि कधी कधी त्याचा रंगही जातो. म्हणून तुकडे आधी साबणाने धुवा. गडद आणि फिके वेगळे धुवा. उन्हात खडखडीत वाळवा. मगच कात्री लावा.

आता पिशवी करू. कापडाचा लांबट तुकडा घ्या. लांबी ३० सेंटिमीटर, रुंदी १२ सेंटिमीटर. मोजपट्टी नसेल तर मुलाच्या दप्तरात असते, ती मागून घ्या. लांबीच्या दोन्ही टोकांना २ सेंटिमीटर कापड आतल्या बाजूला दुमडा आणि शिवा. ही झाली नाडीची जागा. आता लांबी उरली २६. तो तुकडा मधोमध दुमडा. सुलटी बाजू आत आणि उलटी बाहेर राहू द्या. पिशवीची उंची झाली १३. दोन्ही बाजूंना कडेपासून १ सेंटिमीटर आत धावदोरा घाला. टाके लहान घाला, नाही तर तीळ गळतील. वर नाडीची जागा आली की शिवण थांबवा. तिथेही शिवलेत तर नाडी कुठून ओवणार? पिशवी उलटवा. लोकरीची नाडी ओवा. झाली पिशवी. रुंदी १० आणि उंची १३.

ज्यांना शिवणाचा कंटाळा आहे, त्यांनी पोटली करावी. एक वीत लांब आणि एक वीत रुंद असा चौकोनी तुकडा घ्यावा. मधे तिळगूळ ठेवून चारी टोके वर उचलावी आणि धाग्याने बांधावी. चौकोनाच्या कडेला दसे सुटतात, तेवढी कड दुमडून घ्यावी. काळ्या कापडाची पोटली या सणाला शोभते. एरवी सणासुदीला काळे नको म्हणतात, पण संक्रांतीला मुद्दाम काळे नेसतात. काळ्यावर पांढऱ्या दोऱ्याचे चार टाके घातले की चांदण्यांसारखे दिसतात.

लग्नपत्रिकेची डबी करायला जरा हात बसावा लागतो. पहिली एक वाकडी होईल, होऊ द्या. पत्रिकेतून बरोबर चौकोन कापा. प्रत्येक बाजू १५ सेंटिमीटर. चारी कडांपासून ४ सेंटिमीटर आत पेन्सिलीने रेघ ओढा. मधे ७ बाय ७ चा चौकोन उरेल. कारण १५ मधून ४ गेले, ११ राहिले. पुन्हा ४ गेले, ७ राहिले. रेघांवर घडी घाला. चारही कोपऱ्यांत एकेका रेघेवर कात्रीने ४ सेंटिमीटरपर्यंतच कापा. चारी भिंती उभ्या करा. कोपऱ्याचा सुटा भाग शेजारच्या भिंतीला मैद्याच्या खळीने चिकटवा. छापील बाजू बाहेर ठेवा. डबीची उंची ४ झाली.

झाकण हवे असेल तर साडेअकरा सेंटिमीटरचा चौकोन घ्या आणि रेघा २ सेंटिमीटरवर ओढा. मधे साडेसात उरतील. सातच्या डबीवर साडेसातचे झाकण सहज बसते.

डबी रंगवायची हौस असेल तर ती घरच्या घरी भागते. बाहेरून गेरू लावा. वाळला की तांदळाच्या पिठाच्या पाण्यात थोडा डिंक कालवा आणि काडीने ठिपके, माणसे, झाडे काढा. आपल्या भागातले वारली लोक लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर अशीच पांढरी चित्रे काढत आले आहेत. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे हीच चित्रे काढून देशोदेशी नावाजले. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. तेव्हा भिंतीवरचे चित्र डबीवर काढायला लाजू नका.

आता आतल्या खाऊकडे वळू. ४० बायांना प्रत्येकी २ लाडू म्हटले तर ८० लाडू हवेत. तीळ ४०० ग्रॅम, चिक्कीचा गूळ ४०० ग्रॅम आणि भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट २०० ग्रॅम घ्या. सगळे मिळून १ किलो झाले. लाडू मोठ्या बोराएवढे वळा, म्हणजे ८० च्या आसपास भरतील. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. कढईत थोडे तूप घालून गूळ विरघळू द्या. पाकाचा थेंब गार पाण्यात टाका. त्याची घट्ट गोळी झाली की कढई उतरवा. तीळ आणि कूट घाला. हाताला तूप लावून गरम असतानाच भराभर वळा. गार झाले की लाडू वळत नाहीत. मिश्रण घट्ट झाले तर कढई पुन्हा थोडी गरम करा. जवळ लहान मुलांना येऊ देऊ नका, गुळाचा पाक फार भाजतो.

लाडू पुरते गार झाल्यावरच भरा. गरम भरले तर वाफ धरते आणि कागदाची डबी नरम पडते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. छापील कागद खाण्याच्या पदार्थाला लागू देऊ नये. छपाईच्या शाईत पोटाला अपायकारक द्रव्ये असतात. वर्तमानपत्रात खाऊ बांधू नका, असे अन्न सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने २०१६ साली साऱ्या देशाला बजावले आहे. म्हणून डबीत आणि पिशवीत आधी कोरा कागद घाला, नाही तर पळसाचे पान. पळसाला या दिवसांत अजून पाने असतात, पुढे ती झडतात. पान स्वच्छ पुसून सावलीत सुकवा. टाचणी, तारेची पिन, चमकी, सुटे मणी हे खाऊच्या जवळ नको. मूल पिशवी उघडते आणि हाताला येईल ते तोंडात घालते.

मिठाईच्या खोक्यावर चकचकीत पातळ प्लॅस्टिक गुंडाळतात, तेही नको. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. खोक्यावर गुंडाळायच्या त्या पातळ प्लॅस्टिकवर साऱ्या देशात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. बंदी नसती तरी गुरांसाठी हे टाळायलाच हवे. खरकटे लागलेली पिशवी गाय खाते आणि ती तिच्या पोटात साचून राहते. म्हसा गावच्या जत्रेत गाईबैलांची किंमत आपण दात बघून करतो, पोटातली पिशवी कुणाला दिसते?

वाणाला एक चिठ्ठी बांधा. पत्रिकेच्या मागचा कोरा भाग कापून चिठ्ठी होते. तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहा: तिळगूळ घ्या, गोड बोला. मुलाला लिहायला सांगू नका. यात जोडाक्षर एकच आहे, 'घ्या'. तिळगूळ लिहिताना 'ति'ची वेलांटी ऱ्हस्व आणि 'गू'चा उकार दीर्घ. खाली आपले नाव घाला. चाळीस चिठ्ठ्या लिहिताना पहिल्या पाच-सहा वेड्यावाकड्या होतील. विसाव्या चिठ्ठीला अक्षर आपोआप सुधारलेले दिसेल. ज्या बाईने आजवर फक्त अंगठा उठवला, तिचे नाव त्या दिवशी ४० घरांत वाचले जाईल.

वाण कुणाकुणाला द्यायचे? इथे थोडे थांबून विचार करायला हवा. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. ती शेजारच्याच घरात असते. तिला बोलण्याचा, हसण्याचा आवाज ऐकू येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे ही चाल गावात बंद करायची, असा तो ठराव. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करायला सांगितले. कागदावर ठराव झाला म्हणून घराघरांतली रीत लगेच बदलत नाही, हे खरे. काही सासवा नाराज होतील. पण तिळगूळ काही सवाष्णीपुरता नाही. तो बाप्यांना देतात, पोरांना देतात, वाटेने जाणाऱ्या पाहुण्याला देतात. मग शेजारच्या बाईला का नको? यादी करताना तिचे नाव आधी लिहा. ती कुंकवाला कचरली तर आग्रह धरू नका. पिशवी हातावर ठेवा आणि चहाला बसवा.

ज्यांना शिवण चांगले जमते, त्यांनी बचत गटात विषय काढावा. पाच-सहा जणी मिळून पौषाच्या आधीच पिशव्या शिवून ठेवतील तर शहापूर-मुरबाडच्या बाजारात त्या खपू शकतात. आधी दहाच नेऊन बघा. खपल्या तर पुढच्या. शहरात लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नवरीला आणि बोरनहाणाच्या वेळी बाळाला हलव्याचे दागिने घालतात. पुठ्ठा, दोरा, जर आणि काटेरी हलवा एवढ्यावर ते होतात. त्यालाही गिऱ्हाईक असते. मात्र तो हलवा मुंग्यांपासून आणि दमट हवेपासून जपावा लागतो. पहिल्या वर्षी पिशव्याच बऱ्या.

लाडू संपले की डबी पोरे खेळायला घेतात. दोन दिवसांत तिचा चोळामोळा होतो. कापडी पिशवी मात्र फेकू नका. धुऊन वाळवून ठेवा. वालाच्या शेंगा मळून झाल्या की पुढच्या सालासाठी चांगले टपोरे दाणे निवडतात. ते उन्हात कडक वाळवून, चुलीची कोरडी राख चोळून त्या पिशवीत भरा आणि आढ्याला टांगा. कापडातून हवा खेळते. नाडीला चिठ्ठी बांधा. तिच्यावर लिहा: वाल, बियाण्याचे. आणि खाली साल घाला.